उमेदवार कोण ठरवतो?



आमच्या गावाचे नाव कोन. इथला जुना आगरी माणूस ‘कोण’ हा शब्दही ‘कोन’ असाच उच्चारतो. त्यामुळे रसायनीकडे जाणाऱ्या गाडीत कंडक्टरने ‘कोन कोन हाय?’ म्हणून हाक दिली, म्हणजे तो उतारूंची चौकशी करतो आहे की गावाची, हे नव्या माणसाला उमगत नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही फोनवर ‘उमेदवार कोण’ एवढेच म्हटले. पलीकडच्या गृहस्थांना वाटले, कोनचा उमेदवार कोण ह्यावर हे बोलणार. ते जरा घाबरले. निवडणुकांचे दिवस म्हटले की गावात असा घोळ परवडत नाही. म्हणून पत्रिकेत विषय नीट छापला आहे : उमेदवार कोण ठरवतो?

आम्ही पंडित नव्हे. शाळा सातवीनंतर सुटली ती सुटलीच. पुढे जे वाचले ते युनियनच्या कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले, तेही रात्रपाळी नसेल तेव्हा. तेव्हा आमच्या बोलण्यात कोठे शास्त्र कमी पडले, तर मागे बसलेल्या प्राध्यापक मंडळींनी नंतर कानात सांगावे. आम्ही राग मानणार नाही. मानलाच, तर दाखवणार नाही.

मतदानाच्या दिवशी आपण यंत्रापुढे उभे राहतो, बटण दाबतो, बोटाची शाई मिरवतो आणि म्हणतो, राज्य आमचे. खोटे नाही ते. पण ताटात दोन भाज्या वाढून आल्यावर त्यांतली कोणती खायची एवढेच आपण ठरवतो. बाजारातून कोणत्या भाज्या आणायच्या, हे कोणी ठरवले? तिकीट कोणाला मिळाले, कोणाचे कापले, कोण मुंबईला जाऊन तीन रात्री कोणाच्या बंगल्याबाहेर बसला, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. वाचून चहा गार करतो. त्यापलीकडे आपला त्यात हात नसतो.

ह्या प्रश्नाचा आम्हांला पहिला परिचय झाला तो एका गोष्टीतून, आणि ती गोष्ट आमच्या जन्माच्या आधीची. वडिलांच्या तोंडून ती इतक्यांदा ऐकली आहे की आपणच तिथे होतो असे वाटावे.

वडील महाड तालुक्यातून गिरणीत आले. साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले, पुढे कायम झाले. लालबागला गावकऱ्यांचा गाळा होता. एका खोलीत वीस-बावीस माणसे, पाळीपाळीने झोपणार. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. जेवण खानावळीत. ती खानावळवाली आमच्या गोष्टीत पुढे येणार आहे, म्हणून तिला लक्षात ठेवा.

साल १९६९. मे महिन्याच्या ३ तारखेला राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन वारले. नवा राष्ट्रपती निवडायचा होता. काँग्रेसचा उमेदवार म्हणजे होणारा राष्ट्रपती, असे तोवरचे गणित. म्हणून खरी निवडणूक झाली ती आधीच, जुलैमध्ये, बंगलोरला, काँग्रेसच्या संसदीय मंडळात. मंडळात आठ माणसे. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या मनात जगजीवनराम होते. मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण ह्यांनी लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी ह्यांच्या बाजूने मत दिले. इंदिराबाई आणि फक्रुद्दीन अली अहमद एका बाजूला पडले. चार विरुद्ध दोन. पन्नास कोटींहून मोठ्या देशाच्या पहिल्या नागरिकाचा उमेदवार एका खोलीत चार माणसांनी ठरवला. त्या चारांत एक सावंतवाडीकडचे आणि एक कऱ्हाडचे, म्हणजे दोन मराठी, हे आमचे वडील मुद्दाम सांगत. अभिमानाने की रागाने, ते आम्हांला कधी कळले नाही. बहुधा दोन्ही.

पुढे जे झाले ते तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. चार दिवसांत मोरारजींकडचे अर्थखाते गेले, १९ जुलैला चौदा बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, आणि हंगामी राष्ट्रपती म्हणून काम पाहणारे वराहगिरी वेंकट गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. रेड्डींच्या अर्जावर ज्यांनी सही केली, त्या इंदिराबाईंनीच मतदानाच्या तोंडावर आमदार-खासदारांना सांगितले की, अंतरात्म्याचा आवाज ऐका. आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ ह्यांनी तिसरा उमेदवार पुढे केला : चिंतामणराव देशमुख.

आता आमच्या गाळ्याची अडचण पाहा. चिंतामणराव हे रायगडाच्या पायथ्याच्या नाते गावी जन्मलेले. आमच्या आजोळाहून नाते चालत जाण्याइतके जवळ. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर. आपल्या ह्याच कुलाबा जिल्ह्याने त्यांना १९५२ साली लोकसभेत पाठवले होते, तेव्हा ते देशाचे अर्थमंत्री होते. आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही हे पाहून त्यांनी ते अर्थमंत्रिपद सोडून दिले. महाडच्या माणसाच्या काळजात चिंतामणरावांची जागा कोठे असेल, ते वेगळे सांगायला नको.

दुसरीकडे गिरी. ते कोण? बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे पुढारी. आयटकचे अध्यक्षपद दोनदा भूषवलेले. नेहरूंच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने हात घातला, तेव्हा १९५४ साली राजीनामा देऊन मोकळे झाले. गिरणीतल्या लाल बावट्याच्या माणसाला हा आपला माणूस वाटला, ह्यात नवल नाही.

तर गाळ्यात दोन तट पडले. वडील सांगत, तीन आठवडे रोज रात्री भांडण. एक म्हणे, गिरी कामगारांचा. दुसरा म्हणे, चिंतामणराव आपल्या तालुक्याचा. पहिला म्हणे, तुमच्या तालुक्याचा असेल, पण उभा केला कोणी? बँका सरकारने घेतल्या म्हणून ओरडणाऱ्यांनी. तेव्हा गाळ्यातला एक वयस्क, थोडा शिकलेला गडी म्हणाला, अरे, पण इंपीरियल बँक सरकारजमा झाली आणि आयुर्विमा सरकारने घेतला, तेव्हा अर्थमंत्री कोण होता? हाच की! सगळे गप्प. त्याचे म्हणणे खरे होते. १९५५ आणि १९५६ ची ती दोन्ही कामे चिंतामणरावांच्याच कारकिर्दीतली. म्हणजे बँका घेण्याला ज्यांचा विरोध, त्यांचा उमेदवार बँक घेणारा!

आम्ही पुढे ह्यावर पुष्कळ विचार केला. त्या तिघांपैकी दोघांनी, गिरींनी आणि देशमुखांनी, नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा तत्त्वासाठी दिलेला होता. एकाने कामगारांसाठी, एकाने मुंबईसाठी. खुर्ची सोडून दाखवलेली अशी दोन माणसे एकाच वेळी एकाच पदासाठी उभी असण्याचा योग आमच्या हयातीत आम्ही पाहिला नाही. गाळ्यातल्या भांडणात निदान एवढा कस होता की, दोन्ही बाजूंना आपल्या उमेदवाराबद्दल सांगण्यासारखे काही होते. रेड्डींच्या बाजूने गाळ्यात कोणीच नव्हते, म्हणून त्यांच्यावर मात्र अन्याय होत असावा.

एके रात्री खानावळीत पंगत बसली असता हे भांडण हातघाईवर आले. वाढता वाढता खानावळवालीने विचारले, “तुमच्यातल्या किती जणांना मत आहे रे त्यात?” कोणालाच नव्हते. राष्ट्रपती निवडतात आमदार आणि खासदार. “मग ज्याला मत आहे त्याच्या दारात जाऊन भांडा की. माझी आमटी का सांडता?”

वडील आणि आणखी दोघे खरोखरच एका आमदाराच्या घरी गेले. साहेब घरी नव्हते. तिघांनी कागद मागून घेतला, त्यावर लिहिले की आमच्या गाळ्यात बावीस माणसे आहेत, पैकी बारांचे मत गिरींना, दहांचे देशमुखांना, तरी आपण मत देताना ह्याचा विचार व्हावा. खाली सह्या केल्या, एकाने अंगठा. चिठ्ठी साहेबांपर्यंत पोचली की चुलीत गेली, ते वडिलांना कधी कळले नाही. पण आमचे मत असे आहे की, त्या साली मुंबईत राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसंबंधी जे जे लिहिले गेले, त्यात हा कागद अगदीच टाकाऊ नव्हता.

आता निकाल सांगतो, कारण त्यात एक मौज आहे. ह्या निवडणुकीत मतदाराने पहिली पसंती, दुसरी पसंती असे आकडे लिहायचे असतात, आणि प्रत्येक मताला लोकसंख्येवरून मूल्य असते. उमेदवार पंधरा. निवडून यायला हवे होते ४,१८,१६९ मूल्य. पहिल्या पसंतीत गिरींना मिळाले ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, आणि चिंतामणरावांना १,१२,७६९. कोणीच रेषा ओलांडली नाही. तोवरच्या कोणत्याही राष्ट्रपतिनिवडणुकीत दुसऱ्या पसंतीपर्यंत जाण्याची वेळ आली नव्हती. मग मागच्या उमेदवारांच्या मतपत्रिका काढून त्यांवरची दुसरी पसंती मोजली. देशमुखांना ज्यांनी मते दिली त्यांच्यातल्या बहुतेकांनी दुसरा आकडा रेड्डींपुढे लिहिला होता. रेड्डी एकदम ४,०५,४२७ वर गेले. गिरींना अठरा हजारांच्या वर थोडीच मिळाली आणि ते ४,२०,०७७ वर थांबले. रेषेच्या पलीकडे अवघे १,९०८.

गाळ्यातल्या दहाजणांना देशमुख पडल्याचे वाईट वाटले, आणि बारांना गिरी आल्याचा आनंद झाला. पण त्या दहांना कोणी विचारले असते, की देशमुख नाही तर मग कोण, तर? वडील म्हणत, दहाच्या दहा गिरींकडे आले असते. म्हणजे दिल्लीत देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती एकीकडे आणि लालबागला देशमुखांच्या चाहत्यांची दुसरीकडे. वरच्यांनी ज्या कारणासाठी चिंतामणरावांना उभे केले आणि खालच्यांनी ज्या कारणासाठी त्यांच्यावर जीव टाकला, ती दोन कारणे एकमेकांना भेटलीच नव्हती.

पुढची हकिकत थोडक्यात सांगून टाकतो. त्या निवडणुकीत रेड्डींच्या बदनामीचे एक निनावी पत्रक वाटले गेले होते. त्यावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि राष्ट्रपती असताना गिरींनी न्यायालयात जाऊन साक्ष दिली. निवडणूक कायम राहिली. आज मोबाइलवर रात्री बारा वाजता जे फिरते, त्याचे ते आजोबा म्हणायचे. नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. रेड्डींना मत देणारे चव्हाण इंदिराबाईंकडे राहिले. आणि पडलेले रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले.

पण एक गोष्ट थोडक्यात सांगून भागणार नाही. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वेचा संप झाला. हजारो कामगारांना तुरुंगात घातले, वसाहतींतून बिऱ्हाडे बाहेर काढली, आणि महिनाअखेर संप मोडला. त्या वेळी राष्ट्रपतिभवनात कोण होते? रेल्वे कामगारांचे जुने पुढारी वराहगिरी वेंकट गिरी. घटनेने राष्ट्रपतीचे हात बांधलेले असतात, हे आम्ही जाणतो. तरी गाळ्यातल्या त्या बारांपैकी एकाचा धाकटा भाऊ रेल्वेत होता, तो त्या मे महिन्यात आत गेला, आणि ज्याने १९६९ साली गिरींसाठी घसा कोरडा केला होता तो पुन्हा कधी त्या विषयावर बोलला नाही. उमेदवार निवडताना आपण त्याचा भूतकाळ पाहतो, कारण दुसरे काही दिसत नाही. पण त्याला आपण कोणत्या खुर्चीत बसवणार आहोत आणि त्या खुर्चीला हात किती आहेत, हे त्या तीन आठवड्यांच्या भांडणात कोणीच विचारले नव्हते. ते आधी विचारायला हवे होते.

मराठीपणाचे म्हणाल, तर तो मुद्दा जुना झालेला नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेने आपली आघाडी बाजूला ठेवून त्यांना मत दिले. म्हणजे गाळ्यातले दहाजण अडतीस वर्षांनी निवडून आले म्हणायचे!

आता थोडे परदेशी जाऊ. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठीच आधी एक निवडणूक होते. तिला ते प्रायमरी म्हणतात. आपण प्राथमिक फेरी म्हणू. एकाच पक्षाचे पाच-सात इच्छुक एकमेकांविरुद्ध गावोगाव फिरतात, आणि साधे मतदार त्यांच्यातून एक निवडतात. हे काही त्यांना देवाने दिलेले नाही. १९६८ साली शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री ह्यांना उमेदवारी दिली, आणि ह्या गृहस्थांनी एकही प्राथमिक फेरी लढवलेली नव्हती. बाहेर रस्त्यावर तरुण मुले पोलिसांच्या लाठ्या खात होती. पुढे हम्फ्री निवडणूक हरले, पक्षाला भान आले, नियम बदलले आणि १९७२ पासून ह्या फेऱ्यांना खरा जोर आला. शिकागो ऑगस्ट १९६८, बंगलोर जुलै १९६९. अकरा महिन्यांच्या अंतराने जगाच्या दोन टोकांच्या दोन पक्षांत उमेदवार कोणी ठरवायचा ह्यावरूनच आग लागली. त्यांनी आग विझवल्यावर दार रुंद केले. आपण पक्षच दोन केले.

त्यांच्यातल्या आयोवा नावाच्या शेतकरी प्रांताची पद्धत आम्हांला फार आवडते. २०२० पर्यंत तिथले डेमोक्रॅट लोक थंडीत शाळेच्या नाहीतर चर्चच्या दालनात जमत, आणि ज्याचा जो उमेदवार त्याच्या नावाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत. चिठ्ठी नाही, पेटी नाही. माणसे मोजायची. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधरासुद्धा नाहीत, तो बहुधा मोडायचा. मग बाकीच्या कोपऱ्यांतले लोक त्या बिचाऱ्यांभोवती जमणार : आमच्याकडे या, तुमचा माणूस चांगलाच होता, पण आमचाही पाहा. शेजारी शेजाऱ्याला समजावतो आहे, सून सासूच्या समोरच्या कोपऱ्यात उभी आहे, असा तो प्रकार. दुसरी पसंती म्हणजे काय, हे कागदावरचा आकडा न लिहिता पायांनी सांगायचे. आमच्या वडिलांच्या गाळ्यात ही पद्धत असती, तर देशमुखांचे दहाजण कोणत्या भिंतीकडे गेले असते, ते डोळ्यांनी दिसले असते.

दोष त्यातही आहेतच. ज्याची रात्रपाळी आहे तो त्या सभेला येणार कसा? जी बाई मालकाच्या डोळ्यांदेखत उघडपणे कोपऱ्यात उभी राहू शकत नाही, तिने काय करावे? २०२० साली मोजणीचा घोळ असा झाला की निकाल दिवसेंदिवस लांबला आणि पुढे त्या पक्षाने ती पद्धत सोडली. शिवाय ह्या फेऱ्यांना पैसा अमाप लागतो, आणि साधा मतदार येतो तो थोडाच. रुंद दारातूनसुद्धा ज्याच्याकडे गाडी आहे तोच आधी आत शिरतो.

आपल्याकडे असे कोणी करून पाहिले काय? पाहिले. २०१४ च्या लोकसभेच्या वेळी काँग्रेसने देशातल्या थोड्या मतदारसंघांत ही प्राथमिक फेरी घेतली. महाराष्ट्रातले दोन : वर्धा आणि लातूर. वर्ध्याला एकीकडे तेव्हाचे खासदार दत्ता मेघे ह्यांचे चिरंजीव सागर मेघे आणि दुसरीकडे प्रभा राव ह्यांच्या कन्या चारुलता टोकस. मेघे जिंकले. लातूरला दत्तात्रय बनसोडे जिंकले. पुढे खऱ्या निवडणुकीत दोघेही दोन लाखांहून अधिक मतांनी पडले, आणि मेघे कुटुंबाने त्याच वर्षी पक्ष सोडला. बडोद्यात तर फेरी जिंकलेल्या उमेदवाराने वरच्या मोठ्या नावासाठी जागा खाली करून दिली. मग सगळे म्हणाले, पाहा, हे आपल्याकडे चालायचे नाही.

आमचा ह्या शेऱ्याला विरोध आहे. त्या वर्षी वाराच असा होता की फेरी न घेतलेले उमेदवारही तसेच उडाले. तेव्हा पडण्याचा दोष फेरीला देऊ नये. दोष दुसरा आहे. त्या फेरीत मत होते कोणाला? पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. वर्ध्याच्या कापूस उत्पादकाला किंवा लातूरच्या हमालाला कोणी विचारले नाही. आठाचे काहीशे केले, एवढाच काय तो फरक. आणि त्यांच्यापुढे वर्ध्याला नावे आली तीही दोन जुन्या राजकीय घरांतली. बाजारात जायला माणसे वाढली, पण दुकाने तीच.

इथपर्यंत दुसऱ्यांचे दोष सांगणे सोपे होते. आता आमचे सांगतो. मागच्या रांगेत आमच्या युनियनची माणसे बसली आहेत. ती मघापासून हसत आहेत, म्हणजे त्यांना पुढचे ठाऊक आहे.

कामगारांचा प्रतिनिधी कोण, हा प्रश्न आमच्या धंद्यात राजकारणाहून जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात मान्यताप्राप्त युनियन सभासदसंख्येवरून ठरे, मतदानाने नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा कायदेशीर हक्क होता भलत्याच युनियनला. कामगार एकीकडे आणि त्यांचा कागदावरचा प्रतिनिधी दुसरीकडे. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे. वडील घरी, आई शिलाईकामाला, आणि आमची शाळा थोड्याच दिवसांत संपली. त्या दिवसांपासून ‘गुप्त मतदान घ्या’ ही मागणी आम्ही इतकी ऐकली की ती आम्हांला परवचा वाटते. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही तीस टक्के सभासदत्वाचीच मोजदाद आहे. रेल्वेत मात्र २००७, २०१३ आणि २०२४ साली युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, आणि आभाळ कोसळले नाही.

अशी आमची भाषणे. आणि करणी? काही वर्षांपूर्वी ह्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात आमच्या युनिटच्या सेक्रेटरीची जागा मोकळी झाली. नाव सांगत नाही. उमेदवार दोन. एक वीस वर्षांचा अनुभवी, कायम, करारातली कलमे तोंडपाठ असलेला. दुसरा तिशीतला. आधी कंत्राटी होता, नंतर कायम झाला. त्याचे म्हणणे एकच, की कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्या, नाहीतर पुढच्या करारापर्यंत कायम माणूस खात्यात औषधाला उरणार नाही. गेटवर, कँटीनमध्ये, बसमध्ये भांडण पेटले. अगदी वडिलांच्या गाळ्यासारखे. आणि आम्ही काय केले? मागणीपत्र तोंडावर होते. आम्हांला फुटीची भीती वाटली. आम्ही दोघांना रात्री ऑफिसात बोलावले, आणखी तिघे जुने कार्यकर्ते बसवले, चहा मागवला, आणि तरुणाला समजावले की संघटनेच्या हितासाठी अर्ज मागे घे, पुढच्या वेळी तुझाच नंबर. त्याने आमच्याकडे पाहिले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी गेटवर हार घालून आम्ही जाहीर केले : एकमताने निवड!

‘एकमताने’ हा शब्द आम्ही तेव्हापासून जपून वापरतो. त्या खोलीत आम्ही सहाजण होतो. बंगलोरला आठ होते. त्यांनी निदान मते मोजली तरी.

करार झाला. पगारवाढ चांगली मिळाली. कंत्राटी कामगारांबद्दल त्यात एक ओळ नाही. दोन वर्षांत कायम माणसे निवृत्त होत गेली, जागा ठेकेदाराकडे गेल्या, आणि तो तरुण पन्नासेक माणसे घेऊन दुसऱ्या झेंड्याखाली गेला. आम्ही त्याला गद्दार म्हटले. गेटवर, माइकवरून म्हटले. त्याचे म्हणणे बरोबर होते की नव्हते, हे आम्ही आजही छातीठोक सांगत नाही. कंत्राटी कामगारांना घेतले असते, तर करारच लटकला असता असे मानणारे जुने लोक आहेत, आणि ते मूर्ख नाहीत. पण ते भांडण चारशे माणसांचे होते. ते आम्ही सहाजणांनी चहाबरोबर पिऊन टाकले.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगार म्हणून त्यांचे नाव निघाले होते, इथल्या कोनच्या घरासाठी. किल्ली वेळेवर मिळाली नाही. ती हातात पडली ती आमच्या, त्यांच्या मागे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “खानावळवालीचे ऐकले नाहीस ना?” आम्हांला प्रथम अर्थ लागला नाही. तिने सांगितले होते की ज्याला मत आहे त्याच्या दारात जाऊन भांडा. आमच्या गेटवर तर चारशे जणांना मत होते, आणि आम्ही त्यांच्या दारात जायच्या ऐवजी दार लावून बसलो.

आता त्या युनिटची निवडणूक पुन्हा आली आहे. ह्या वेळी आम्ही मांडले आहे ते असे. अर्ज मागे घ्यायला ऑफिसात कोणाला बोलवायचे नाही. तिन्ही पाळ्यांच्या गेट मीटिंगमध्ये सर्व इच्छुकांनी एकाच माइकवर, एकामागून एक बोलायचे, आणि प्रश्न विचारायचे ते सभासदांनी. प्रत्येकाने सांगायचे की सेक्रेटरी झालो तर काय करीन, आणि त्याहून महत्त्वाचे, सेक्रेटरीच्या हातात काय नाही. मतदान गुप्त. उमेदवार तीन असतील तर पहिली-दुसरी पसंती लिहायची, ही आमची सूचना. तीवर मात्र जुन्या मंडळींनी डोके धरले आहे. म्हणतात, कामगारांना आकडे समजणार नाहीत. मटक्याचे समजतात, हे आम्ही त्यांना सांगून पाहिले.

एक गाठ सुटलेली नाही. त्या कारखान्यात आज कायम माणसांहून कंत्राटी माणसे पुष्कळ जास्त आहेत. मत कोणाला द्यायचे? सभासद नाही त्याला मत नाही, हा नियम आमच्याच घटनेत आहे, आणि तो आम्हीच लिहिलेला आहे. त्यांना मत दिले तर कायम कामगार म्हणतात, आमच्या वर्गणीवर परक्यांचा सेक्रेटरी येईल. न दिले तर आम्ही वर्ध्याच्या फेरीला जे नाव ठेवले, तेच आमच्या फेरीला लागू पडते. आणि तो तरुण (आता चाळिशीला आला) निरोप पाठवून विचारतो आहे, की माझ्या लोकांना परत सभासद करून घेतले तर मी उभा राहू शकतो काय? तो उभा राहिला तर बहुधा निवडून येईल, आणि निवडून आला तर आमची ऑफिसातली खुर्ची किती दिवस राहील, ते सांगता येत नाही. मागच्या रांगेतली मंडळी आता हसत नाहीत.

ह्यावर ठराव करण्यासाठी उद्या सकाळची पाळी सुटताना सभा आहे. त्याआधी पहाटे रात्रपाळीच्या लोकांना भेटायचे कबूल केले आहे, आणि इथून पहिली गाडी लवकर जाते. म्हणून अध्यक्षमहाराजांच्या परवानगीने आपली रजा घेतो. प्रश्न असतील त्यांनी फाट्यापर्यंत बरोबर चालावे.